नागम्माचा तम्मुडू

नागम्मा आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. मी तिच्या शेजारी बसून सुटलेले धागे कापते. या वयात नातवंडं सांभाळण्यापेक्षा ते सोपं. नवरा गेल्यावर ही बाई आधी विड्या वळायची, मग मशीन शिकली. मूलबाळ नाही, एकटीच राहते. पण कुणाकडं कधी चिमूटभर साखर मागणार नाही. डबा सांडला तर उपाशी बसेल आणि वर "जेवले की अक्का" म्हणेल.

अशी बाई गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी रडत आली, तेव्हा सगळ्यांच्या मशिनी थांबल्या.

"तम्मुडूचं पोट फुगलंय अक्का. पाणीबी ठरत न्हाय. आजच पोट उघडलं तर वाचंल म्हणतेत डॉक्टर. पैसे आधी भरायचे."

सोलापुरात जन्म गेला, एवढं तेलुगू मलाही कळतं. तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. तिचा भाऊ भिवंडीला मागावर कामाला असतो. बहिणीकडं आला असणार आणि आजारी पडला असणार. मी बाकीच्यांना हे समजावून सांगितलं, मोठ्या जाणतेपणानं.

आमची बायकांची भिशी आहे. महिन्याला चिठ्ठी निघते, जिचं नाव येईल तिनं सगळी रक्कम उचलायची. त्या महिन्यात फुलाबाईचं नाव निघालं होतं. ती केम गावची, जिभेनं तिखट. लोखंडी कपाटासाठी घरात कोपरा झाडून बसली होती. पैशाची पुरचुंडी कमरेलाच होती, ती तिनं तशीच नागम्माच्या हातात कोंबली.

"जा. कपाट काय पळून जातंय? भाऊ गेला तर कुटनं आणशील?"

"पर अक्का, त्यो माझा..."

"बोलत बसू नगो, रिक्षा धर," म्हणून मी तिला बाहेर ढकललंच.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. मशिनींच्या आवाजात दवाखान्याचा पत्ता तेवढा कळला. दुपारच्या सुट्टीत मी आणि फुलाबाई पेशंटला बघायला निघालो. मोकळ्या हातानं कसं जायचं? तिनं शहाळं घेतलं, मी मोसंबी. जाऊन बघतो तर दवाखान्याच्या दारात शेळी बांधलेली.

"ही कुणाला भेटाय आलीय?" फुलाबाई म्हणाली.

आत टेबलावर एक तांबडा कुत्रा, सलाइन लावलेला, पोट नगाऱ्यासारखं. नागम्मा त्याचं डोकं धरून उभी.

"भाऊ कुटाय गं?" मी विचारलं.

"ह्योच की तम्मुडू."

फुलाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी मोसंबी पदराखाली घेतली.

"कुत्र्यापायी माजं कपाट?"

"मी सांगत होते, तर अक्कानं ढकललं मला. फोनवरबी सांगितलं." नागम्मानं पुरचुंडी पुढं धरली. गाठसुद्धा सोडली नव्हती. "तुमाला कळल्याबिगर कशी भरू? डॉक्टर दोनदा विचारून गेले. घे, तुझी हाय."

कुत्र्यानं डोळे किलकिले करून आमच्याकडं बघितलं आणि टेबलावर शेपूट आपटलं.

"मेल्याला मान उचलंना, पर आल्यागेल्याला शेपूट हलवतंय," फुलाबाई म्हणाली. "माजा सख्खा भाऊ दिवाळीला दारातनंच माघारी गेला." तिनं पुरचुंडी हिसकावली आणि थेट डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली. "ओ डॉक्टर, पेशंटच्या बहिणी आल्यात सगळ्या. करा सुरू."

दुपारचं काम बुडालं. बाकावर बसून आम्ही ते शहाळं आळीपाळीनं प्यालो. शेवटी डॉक्टर पोटातनं काढलेला एक ओला बोळा ताटलीत घेऊन आले. निळ्या काठाचं टॉवेलचं कापड. नागम्मा कारखान्यातले तुकडे घरी न्यायची, ते याला अंथरायला हे तेव्हा कळलं.

"वाचला," डॉक्टर म्हणाले. "पण काय शिलाई आहे हो! एवढं होऊनही उसवली नाही."

"माझ्याच हातची हाय," नागम्मा डोळे पुसत म्हणाली, जरा ताठ्यातच.

टाके निघाल्यावर तम्मुडू तिच्या मागं मागं चालत कारखान्याच्या दारात आला. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. मालक आतनं ओरडले, "काम का थांबलं?"

"पावणा आलाय मालक," फुलाबाई म्हणाली. "उठाय नगो?"

मालक बाहेर आले, तर तम्मुडू त्यांच्यावरच भुंकला, चांगला खणखणीत. आणि नागम्मानं त्याला गप्प केलं नाही.