गुणवंतरावांनी जगाला दाखवलेलं कार्ड

इंदुताईंनी भद्रावतीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढत आणला होता. दारू पिऊन पडलेला माणूस 'पायरीवरून घसरलो' म्हणायचा, तेव्हा त्या त्याच्याकडे नुसत्या बघायच्या आणि टाके घालायच्या. खोटं बोलणारा त्यांना दारातूनच ओळखू यायचा, पण त्याचा राग येत नसे. राग यायचा फुशारकीचा. आणि नवरा नेमका फुशारकी मारणाराच मिळाला होता.

गुणवंतराव फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले आणि बँकेनं त्यांना क्रेडिट कार्ड दिलं. तेव्हापासून त्यांची चाल बदलली. टपरीवर चहा प्यायला गेले तरी पाकीट असं उघडायचे, की कार्ड चारचौघांना दिसावं. पैसे मात्र सुट्टेच द्यायचे.

"चार लाखाची लिमिट हाय आपली," ते शेजाऱ्यांना सांगायचे.

"आपली काऊन म्हणता?" इंदुताई आतून म्हणायच्या. "बँकेची हाय. उधारी हाय ते."

"तुले नाई समजत त्यातलं."

इंदुताईंकडेही कार्ड होतं. त्याची मर्यादा त्यांनी मुद्दाम कमी ठेवून घेतली होती, आणि काम नसेल तेव्हा मोबाईलवरून ते बंद असे. पण त्याबद्दल बोलायला त्या कोणाच्या दारात गेल्या नाहीत.

वसाहतीतल्या पाचसहा कुटुंबांनी श्रीलंकेची सहल ठरवली. आधी अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं दर्शन, मग समुद्रकाठी दोन दिवस. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणवंतरावांचा फोटो आला: विमानाच्या तिकिटावर ठेवलेलं कार्ड, सगळा नंबर दिसेल असं. खाली आणखी एक, कार्डाची मागची बाजू, तिथले तीन गुप्त आकडे ठळक. 'आता कायची चिंता!' असं वर लिहिलेलं. फॅक्टरीतल्या जुन्या सोबत्यांच्या मोठ्या ग्रुपवरही तेच.

इंदुताई ड्युटीवर होत्या. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"अवं, घराची किल्ली कोणी चौकात टांगते काय? काढा ते फोटो. आन् बँकेले सांगून हे कार्ड बंद करा, नवं मागा."

"आपलेच लोक हायेत सारे."

"आपल्या लोकाइनं पुढं कोणाले धाडलं, ते माहीत हाय तुमाले?"

फोटो गुणवंतरावांनी काढून टाकले. बँकेला फोन केला म्हणून सांगितलं. केला नव्हता. उलट परदेशातला वापर चालू करून घेतला, तोही पूर्ण चार लाखांपर्यंत. बँकेत नोंदवलेला नंबर जुन्या फोनात होता. तो फोन फोटो चांगले काढत नाही म्हणून कपाटात ठेवला आणि नवा घेऊन निघाले. बँकेचे मेसेज आता रिकाम्या खोलीत वाजणार, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

समुद्रकाठच्या हॉटेलात गुणवंतरावांनी सगळ्यांना जेवण दिलं. जेवणापेक्षा बिल देण्यात त्यांना रस जास्त. कानाजवळ केस पिकलेला एक वेटर मशीन टेबलापाशीच घेऊन आला. कार्ड लावलं, परत दिलं, दोन्ही हात जोडले. गुणवंतरावांनी मान इतकी ताठ केली की इंदुताईंना दवाखान्यातले मानेला पट्टा लावलेले पेशंट आठवले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी भद्रावतीहून लेकीचा, दीपिकाचा फोन आला. ती झाडांना पाणी घालायला घरी गेली होती. कपाटातला फोन सारखा वाजत होता.

"बाबा, तुम्ही घड्याळं घेऊन राह्यले काय? परदेशी ऑनलाइन दुकानातून, ओटीपी न मागता, तीन खरेद्या झाल्या तुमच्या कार्डावर!"

गुणवंतराव पांढरे पडले. मग लाल झाले. मग सरळ काऊंटरकडे निघाले आणि तिथूनच ओरडले, "तो रातचा वेटर कुठी हाय? त्यानंच नंबर चोरला!"

मॅनेजर आला. वेटरला बोलावलं. त्याला भाषा कळत नव्हती, पण रोखलेलं बोट कळत होतं. तो घाबरून आपले खिसेच उलटे करून दाखवू लागला. सहलीतली माणसं गोळा झाली. दोघातिघांनी माना डोलावल्या. हे लोक असेच असतात, कोणीतरी म्हणालं.

इंदुताई उठल्या. त्यांना नवऱ्याची चीड पूर्वी अनेकदा आली होती. किळस पहिल्यांदा आली.

"खिसे काऊन पाहता त्याचे?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मशीन टेबलावर होती, कार्ड आपल्या डोळ्यासमोर होतं. नंबर यायनं सोताच वाटला. तुमच्या साऱ्याइच्या मोबाईलात आला होता फोटो. विसरले काय?"

माना डोलावणारे आपापल्या ताटाकडे वळले.

"इंदू, लोकाइसमोर..." गुणवंतराव पुटपुटले.

"लोकाइसमोरच चोर म्हटलं ना त्याले? मंग माफी बी लोकाइसमोरच मागा. आन् आधी बँकेले फोन लावा."

त्यांनी कार्डामागच्या नंबरवर फोन लावला. कार्ड बंद झालं. वेटरपुढे ते कसंबसं 'सॉरी' म्हणाले, तेही जमिनीकडे पाहत. इंदुताईंनी त्या माणसाला हात जोडले. पुढचे सगळे खर्च त्यांच्या कार्डावर झाले. प्रत्येक वेळी त्या मोबाईलवरून कार्ड चालू करायच्या, मशीनवरचा आकडा वाचायच्या, पिन दाबताना तळहात आडवा धरायच्या आणि कार्ड पुन्हा बंद करायच्या. एका दुकानदारानं विचारलं, भारतीय रुपयांत कापू का? गुणवंतराव हो म्हणणार तोच त्या म्हणाल्या, "तुमच्याच रुपयात घ्या. आमच्यात घेतलं का बदलीचा भाव तुमचा लागते, महाग पडते."

घरी आल्यावर बँकेला लेखी तक्रार द्यायची होती. गुणवंतरावांनी लिहायला घेतलं: 'हॉटेलच्या वेटरने...'

"खोडा ते," इंदुताई म्हणाल्या.

"खरं लिहिलं तर पैसे वापस नाई भेटनार."

"नाई भेटो."

खरं लिहिलं गेलं. तुम्हीच माहिती उघड केली, असं बँकेनं कळवलं. बँकेला फोन करण्याआधीचा सगळा भुर्दंड त्यांनाच बसला. गुणवंतरावांच्या पेन्शनीतून तो महिनोन् महिने फिटत राहिला. इंदुताईंनी आपल्या पगारातला एक रुपया त्यात घातला नाही.

नाक्यावरच्या बाकावर एका संध्याकाळी गुणवंतराव सोबत्यांना सांगू लागले, "तिकडचे वेटर लय बेरके..."

इंदुताई ड्युटीवरून येत होत्या. थांबल्या. नुसत्या बघत राहिल्या; खोटं बोलणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं.

"...समुद्र मात्र चांगला हाय तिथचा," गुणवंतराव म्हणाले.