भरोशाचा प्रश्न

बहिणीने गावाहून वाळलेली मोहफुलं पाठवली. पिशवी उघडताच तो गोड, आंबूस वास आला आणि मी थेट चंद्रपूरच्या त्या हॉलमध्ये जाऊन बसले.

कॉलेज नुकतंच संपलं होतं. गोंडपिपरीहून पहिल्या एसटीने मी आणि माझी मैत्रीण शबाना एका नव्या कंपनीत नोकरीच्या परीक्षेला गेलो होतो. पहाटे मोह वेचून मी तशीच निघाले होते. बोटांना तोच वास होता. वाटलं होतं गणितं येतील, तर पेपरात सगळे प्रश्न आमच्याच स्वभावाचे! तुम्हाला राग येतो का? गर्दी आवडते का? आजवर आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. मजाच मजा!

तेवढ्यात शबाना उभी राहिली. "सर, लोक माह्यावर भरोसा ठेवतेत का, हे मी कसं सांगू? लोकायलेच विचारा ना!"

हॉलभर हशा पिकला. पेपर वाटणारे साहेबही हसले. "मग विचारा."

ती माझ्याकडे वळली. "सांग वं, ठेवतेत का?"

"तू सोबत हायेस म्हणून तं मायनं मले येऊ देल्लं!" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने ऐटीत 'हो'वर खूण केली. माझी पेन्सिल मात्र त्याच प्रश्नावर अडली. शबानाने वाकून पाहिलं.

"'हो' कर ना. माह्या अम्मीनंबी तुह्याच भरोशावर पाठवलं मले."

नोकरी तिसऱ्याच कुणाला लागली. पण परतीच्या एसटीत आम्ही दोघी पास झाल्यासारख्या बसलो होतो. आज वाटतं, झालोच होतो.