डाव्या गालावरचा उजेड

सत्यवान ओहोळ या माणसाचं आयुष्यभर एकाच गोष्टीशी वैर होतं, आणि ती गोष्ट म्हणजे सावली. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यात तो वायरमन होता. गाळपाच्या हंगामात ऊस जिथं ओततात त्या गव्हाणीवरचे दिवे त्याच्या ताब्यात असत. गव्हाणीवर सावली पडली की खालची फिरती साखळी दिसत नाही आणि कुणाचा तरी हात जातो, हे त्यानं नोकरीच्या पहिल्याच हंगामात डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून जिथं सावली दिसेल तिथं त्यानं दिवा लावला. समोरून लावला, मागून लावला, दोन्ही बाजूंनी लावला. साहेब विजेच्या बिलावरून ओरडले की हा शांतपणे म्हणायचा, "बिल भरता यील साहेब. हात न्हाई भरून देता येनार."

अशा माणसानं साठी उलटल्यावर घराच्या मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगाव्यात आणि भर दुपारी अंधार करून बसावं, याला काय म्हणायचं? गल्लीला जे म्हणायचं ते गल्लीनं म्हणून घेतलं. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर बायकोच्या कामात नाक खुपसतात. सत्यवाननं कॅमेरा धरला होता. कारण मार्था होती.

मार्था म्हणजे त्याची बायको. तीस वर्षं तिनं चर्चमध्ये पोरांची रविवारची शब्बाथ शाळा घेतली. गाणी शिकवताना ती स्वतःच पोरांपेक्षा जास्त हसायची, आणि पाळकसाहेब प्रवचनाच्या मध्ये थांबून त्या खोलीकडे बघायचे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती चूळ भरायला गेली आणि पाणी डाव्या ओठातून आपोआप खाली गळलं. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. बोलणं परत आलं, जेवण परत आलं. डावी पापणी तेवढी अर्धी खाली राहिली आणि ओठाचा डावा कोपरा ओघळला तो ओघळलाच. शब्बाथ शाळा तिनं दुसऱ्या बाईकडे सोपवली. हसणं कुणाकडे सोपवता येत नाही, ते तिनं नुसतंच बंद केलं.

मग त्यांच्या मुलीचा, नॅन्सीचा साखरपुडा झाला. नॅन्सी संगमनेरला एका दवाखान्यात नर्स आहे. साखरपुड्यात कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश थेट तोंडावर मारून मायलेकींचा फोटो काढला. मार्थानं तो पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला.

"लग्नाला मी येनार. उभं राहून समदं करनार," ती म्हणाली. "पन फोटूत मला घेऊ नका. पोरीच्या अल्बमात मला हे तोंड ठेवायचं न्हाई."

नॅन्सी रडली. बापाला म्हणाली, "पप्पा, मम्मी नसंल तर मला फोटोग्राफरच नको." लग्न मे महिन्यात होतं. चर्चमधलं लग्न झालं की वेदीच्या पायऱ्यांवर दोन्हीकडचे आईबाप घेऊन फोटो काढायची रीत आहे, आणि तिथली आईची जागा रिकामी राहिली तर ती सगळ्या गावाला दिसते.

सत्यवान त्या साखरपुड्याच्या फोटोकडे बघत राहिला. आयुष्यभर बिघाड शोधण्यात गेलेला माणूस तो. त्यानं निदान केलं की दोष तोंडाचा नाही, उजेडाचा आहे. मार्थाचा एक, फक्त एक, तिला स्वतःला आवडेल असा फोटो आपण घरी काढला, तर ती लग्नात कॅमेऱ्यासमोर उभी राहील. हे त्याच्या डोक्यात बसलं आणि मग निघेना.

लग्नाचे फोटो काढायचं काम राहुरीच्या परवेझला दिलेलं होतं. त्याचा तिथं छोटासा स्टुडिओ आहे. सत्यवान त्याच्याकडे गेला, त्याचा जुना कॅमेरा मागून आणला. परवेझ म्हणाला, "घेऊन जावा काका. पण मावशीला बसवायच्या आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसू द्या. माणूस एकदा फोटोला घाबरला ना, की परत बसत नाही."

म्हणून स्टुलावर डांगर आलं, म्हणजे लाल भोपळा. मार्थानं घाऱ्यांसाठी आणून ठेवलेलं चांगलं मोठं, तांबूस डांगर. सत्यवाननं त्याला तिचा जुना स्कार्फ गुंडाळला आणि चारी बाजूंनी दिवे लावले. कारखान्यातला मोडीत निघालेला हॅलोजन, अंगणातला बल्ब, टेबललॅम्प, जे सापडलं ते. डोळे दिपतील एवढा उजेड झाला. समाधानानं त्यानं फोटो काढला, आणि फोटोत डांगर नव्हतं. तांबड्या रंगाची एक चकती होती, स्कार्फ घातलेली.

शुक्रवारी परवेझ बघायला आला. खोलीत पाऊल टाकलं आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"काका, हे तुम्ही उजळलं नाही, पुसून टाकलं. बंद करा सगळं. एकच दिवा ठेवा, बाजूला, थोडा वर."

"मंग दुसऱ्या बाजूला सावली पडंल की."

"पडू द्या ना. सावली ठेवाल तेव्हाच ते गोल दिसंल."

आता हे सांगणं सोपं आहे. पण ज्या हातांनी जन्मभर दिवे लावले त्यांना ते एकेक करून विझवायला सांगणं म्हणजे काय, हे परवेझला कुठून कळावं? शेवटच्या बटणापाशी सत्यवानचा हात खरोखर थांबला. कुणीतरी आता ओरडेल, साखळी थांबवा म्हणेल, असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्यानं बटण दाबलं.

कुणी ओरडलं नाही. खोलीत एकच दिवा राहिला आणि डांगर हळूच अंधारातून पुढं आलं. त्याच्या फाका उमटल्या, देठाजवळची खळगी उमटली, आणि दुसऱ्या बाजूला ते शांतपणे काळोखात उतरत गेलं. परवेझ कधी गेला ते सत्यवानला कळलंही नाही. तो स्टुलासमोर फरशीवर बसून राहिला, आणि बाहेर उन्हात कारखान्याकडून मळीचा गोडसर, आंबूस वास येत राहिला.

त्यानंतरच्या त्याच्या दुपारी कशा गेल्या ते त्याला विचारलं तर धड सांगता येणार नाही. जेवण झालं की तो मधल्या खोलीत शिरायचा. गोधडीला एक बारीक भोक होतं, त्यातून उन्हाची एक काडी आत यायची आणि तिच्यात धूळ तरंगायची. दिवा वर घेतला की सावल्या आखडायच्या, खाली घेतला की लांबायच्या. थर्माकोलचा तुकडा अंधाऱ्या बाजूला धरला की तिथला काळोख थोडा पातळ व्हायचा. कधी कधी त्याला तिथंच डुलकी लागायची, आणि स्वप्नात कारखाना दिसायचा. सगळे दिवे विझलेले, आणि गव्हाणीतून उसाच्या जागी चांदणं सरकत चाललेलं. जाग आली तरी आपण उठलोय की नाही, हे त्याला पटकन ठरवता यायचं नाही.

मग उजेड त्याच्या मागे खोलीबाहेरही यायला लागला. सकाळी मार्था भाकरी थापायची तेव्हा दारातून येणारं ऊन आधी पिठावर पडायचं, आणि पिठावरून उडून तिच्या हनुवटीखाली जायचं. इतकी वर्षं तो त्याच दारात बसून चहा पीत आला होता. ते ऊन रोज तिथंच पडत होतं, आणि या गृहस्थाची नजर छपराच्या वायरिंगवर होती.

"काय बघताय?" ती विचारायची.

"काही न्हाई. ऊन."

"ऊन बघताय. आन माझं डांगर कधी मोकळं करताय?"

डांगर मोकळं व्हायला अजून एक अडचण होती. दिव्याचा उजेड कडक पडत होता. परवेझ फोनवर म्हणाला की दिव्यापुढं पातळ पांढरं काहीतरी मोठं टांगा. सत्यवाननं हॅलोजनपुढं बटर पेपर टांगला. तो आधी पिवळा पडला, मग तपकिरी, मग त्यातून धूर निघाला. मार्था कळशी घेऊन धावत आली आणि पुढचा अर्धा तास तिनं त्याची जी पूजा बांधली ती साऱ्या गल्लीनं ऐकली. हॅलोजन बाद झाला. त्या जागी गार राहणारा एलईडी दिवा आला. पण पडद्याचा प्रश्न राहिलाच. घरातल्या चादरी सगळ्या फुलांच्या, आणि फुलं भिंतीवर उमटायची.

एका दुपारी मार्था शेजारी गेलेली असताना त्यानं तिची पेटी उघडली. तळाशी मलमलच्या फडक्यात तिची लग्नातली साडी होती. पांढरी, तलम, त्यांच्या चर्चमधल्या नवऱ्या नेसतात तशी. काढावी की नाही, असा विचार त्यानं केला असेल, पण फार वेळ केला नाही. दोरीवर साडी पसरली, मागं दिवा लावला.

खोलीत दूध सांडल्यासारखं झालं. उजेड कुठून येतोय तेच कळेना. साडीवर घड्यांच्या रेषा होत्या, त्या भिंतीवर पाण्यासारख्या हलत होत्या. डांगराच्या कडेची सावली इतकी मऊ झाली की तिला सावली म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

आणि मार्था दारात उभी होती, हातात त्याच्या चहाचा कप घेऊन.

"माझी साडी," ती म्हणाली.

सत्यवाननं मनातल्या मनात सगळ्या सबबी चाळल्या. एकही कामाची नव्हती. पण ती ओरडली नाही. कप फळीवर ठेवून ती पुढं आली, साडीच्या मागं हात घातला आणि पाच बोटांची सावली पदराच्या आत फिरताना बघत राहिली. काठावरच्या बारीक टिकल्यांचे ठिपके तिच्या मनगटावर पडले होते.

"अजून किती पांढरी हाय, न्हाई का?" ती म्हणाली. मग तिनं डांगर उचलून खाली ठेवलं आणि स्टुलावर स्वतः बसली. "काढा. एकच. आवडला न्हाई तर परत इषय काढायचा न्हाई."

सत्यवाननं कॅमेरा उचलला. काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, कारण इतक्या दुपारी त्याची याचीच तयारी चालली होती. साडीचा उजेड त्यानं तिच्या उजव्या बाजूनं घेतला. थर्माकोल काढून टाकला. तिचा उजवा गाल, उजवा डोळा, कपाळ, सगळं दुधात न्हाल्यासारखं उजळलं, आणि डावी बाजू अलगद अंधारात गेली. जन्माची वैरीण असलेली सावली शेवटी कामाला आली, असं त्याला वाटलं. त्यानं फोटो काढला.

फोटो सुंदर होता. खरोखर सुंदर होता, परवेझनंसुद्धा मान डोलावली असती. मार्था कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"लई भारी काढलाय," ती म्हणाली. "पन माझी डावी बाजू कुठं गेली?"

"सावलीत हाय. दिसत न्हाई, बघ. कुनाला कळनार बी न्हाई."

"व्हय. कळनार न्हाई." तिनं कॅमेरा खाली ठेवला. "एक विचारू? तोंडावरनं वारं गेल्यापास्नं तुमी माझ्या उजव्या अंगालाच बसताय. जेवताना, चर्चात, यस्टीत. मला वाटायचं, आपल्याच मनाचे खेळ. पन ह्यो फोटू बघितला आन मला समजलं."

सत्यवान नाही म्हणणार होता. खरं होतं. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, पण खरं होतं. तिला बरं वाटावं म्हणून आपण हे करतो, अशी स्वतःची समजूत घालत त्यानं सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा तिचा अर्धाच चेहरा पाहिला होता. त्याला लाज वाटली. सबंध आयुष्यात वाटली नव्हती एवढी वाटली.

"मी घाबरलो हुतो, मार्था," तो म्हणाला. "तुझं हसू गेलं. त्या बाजूला बघितलं की ते गेल्यालं दिसायचं."

 स्टूल फिरवून तिनं डावा गाल उजेडाकडे केला.

"आता काढा."

साडीमागचा दिवा वर होता. खाली आलेल्या पापणीची सावली त्या डोळ्यावर पडत होती आणि डोळा विझल्यासारखा दिसत होता. सत्यवान दिवा खाली घेत गेला. अजून खाली. शेवटी तो गुडघ्यांवर बसला, दिवा जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि तिच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका आला. डोळा तिथंच होता, आणि सरळ त्याच्याकडे बघत होता. सत्यवानला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"रडताय कशाला?" मार्था म्हणाली. "फोटू हलंल." आणि एवढं बोलताना तिला हसू फुटलं. वाकडं, एका बाजूला चढलेलं, एका बाजूला राहून गेलेलं. त्यानं बटण दाबलं.

तो फोटो पहिल्यासारखा सुंदर नव्हता. मार्थानं तो पाहिला, मोठा करून पाहिला, नाक मुरडलं, परत पाहिला.

"ह्यो नॅन्सीला धाडा," ती म्हणाली. "आन सांगा, पायऱ्यांवर मी हाय म्हनावं."

त्या संध्याकाळी जेवायला बसताना सत्यवाननं आपलं ताट उचललं, वळसा घालून आला आणि तिच्या डाव्या बाजूला बसला. मार्था जरा सरकली आणि तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.