कपलर आणि कपड्यांची तार

सुरतच्या उधन्यातल्या आमच्या अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, एक तांब्याची तार शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. लोकांना ती टीव्हीची वाटते. ती माझी अँटेना आहे. मी हौशी रेडिओवाला, सरकारचं लायसन असलेला. शाळा सातवीपर्यंत. पुढं पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये वायरमन म्हणून जन्म गेला. लायसनच्या परीक्षेचं पुस्तक बायको मला वाचून दाखवायची आणि मधेच थांबून विचारायची, "हाई काय लिखेल शे? तुमले तरी समजस का?" मी हो म्हणायचो. निम्मं समजायचं.

ती मागच्या साली गेली. तेव्हापासून सेटवर चादर टाकली होती. रविवारी सकाळी खानदेशातले आम्ही काही म्हातारे रेडिओवर, म्हणजे हवेत, जमतो. कोणी धुळ्याकडचा, कोणी नंदुरबारकडचा. पीकपाणी, गुडघेदुखी, कुणाचा जावई कसा, असलं बोलणं. मी जात नव्हतो. गेलो तर सगळे हळहळणार, आणि हळहळ ऐकायची मला ताकद नव्हती. पण मुलगा-सून कामाला गेले की घरात भिंतींशी किती बोलणार? म्हटलं, आता बस झालं. या रविवारी बोलायचं.

सेट चालू केला, माइकचं बटण दाबलं, आणि मागची जाळी तव्यासारखी तापली. समजलो. पॉवर अँटेनातून बाहेर न जाता परत सेटमध्ये येतेय. सेट जुना, त्याचा शेवटचा ट्रान्झिस्टर आता बाजारात मिळत नाही. तो जळला की माझं हवेतलं बोलणं कायमचं बंद.

किती जातंय आणि किती परत येतंय हे सांगणारी डबी म्हणजे कपलर. सेट आणि अँटेनाच्या मधे बसवायची. जुनी गंजून गेली होती, म्हणून नवी करायला बसलो. मिलच्या भंगारातले काट्याचे दोन मीटर माझ्याकडं होते, एक जाणाऱ्या पॉवरसाठी, एक परतीच्या. फेराईटच्या काळ्या रिंगेवर एनामलची तार गुंडाळायची, रिंगेतून जाड केबलचा तुकडा आरपार घ्यायचा, दोन डायोड, दोन रेझिस्टर, झालं. आधी पिवळी रिंग घातली होती, ती या कामाची नाही, काटा काहीही बोलायला लागला. काढली, फेकली. डबा मात्र पत्र्याचा पाहिजे, सोल्डर धरायला. स्वयंपाकघरात बायकोचा चहापत्तीचा डबा होता.

सून कामावरून आली तर घरभर भाजलेल्या चहाचा वास.

"बाबा, आईंचा डबा कापला तुम्ही?"

"कापला."

"आई असत्या तर?"

"तर मला कापलं असतं."

ती हसली आणि चहापत्ती बरणीत भरून ठेवली.

कपलर खरा की खोटा हे तपासायची एक रीत आहे. अँटेनाच्या जागी मोठा रेझिस्टर जोडायचा, तो सगळी पॉवर गिळतो. तेव्हा परतीचा काटा शून्यावर पाहिजे. मग कपलर उलटा फिरवून लावायचा, दोन्ही काट्यांनी जागा बदलली पाहिजे. माझ्या डब्यानं दोन्ही परीक्षा पास केल्या. मग अँटेना जोडली. परतीचा काटा चढला तो उतरेना.

म्हणजे चोर वर होता. जोड नव्यानं सोल्डर केले, केबल बदलली. काटा तिथंच. नंदुरबारकडच्या दोस्ताला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, अँटेना जरा जरा कापत जा. काटा खाली बसेल."

पक्कड घेऊन अगाशीवर गेलो. अँटेना ज्या पाइपाला बांधलीय त्याला खाली गंजाची एक रेघ दिसली आणि हात थांबला. तिथं बायकोची कपड्यांची तार बांधलेली असायची, लोखंडी, अँटेनाच्या बरोबर खालून जाणारी. मुलानं नुकताच अगाशीला रंग दिला तेव्हा ती काढली. घरात मशीन आलंय, कपडे आत वाळतात.

अँटेना पहिल्यांदा बांधली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुझी तार काढ, लोखंड जवळ नको. ती म्हणाली, "मंग मी लुगडं कोठे वाळत घालू? तुमना डोकावर?" तार राहिली. मी अँटेना कापून कापून त्या तारेशी जमवून घेतली. ती ओले कपडे टाकायला वर आली की खाली माझ्या मीटरचा काटा केसभर हलायचा. मी खोलीत बसून ओळखायचो, बाई अगाशीवर आहे.

अँटेना कापली असती तरी काम झालं असतं. दोस्त खोटं बोलला नव्हता. पण मला कापायची नव्हती. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी तार आणली आणि त्याच गंजाच्या रेघेवर बांधली. मुलगा म्हणाला, "पप्पा, आताच तर रंग दिला ना!" मी म्हटलं, तुझा रंग तुझ्याजवळ. खाली येऊन बटण दाबलं. परतीचा काटा खाली जाऊन गप पडला. जाळीला हात लावला, गार.

रविवारी बसलो. पहिल्यांदा धुळ्याकडचा बोलला, "कुठं होता एवढे दिवस?"

"बायको वारली."

"कळलं होतं. आम्ही वाट पाहत होतो."

एवढंच. मग त्यानं गुडघ्याचं रडगाणं सुरू केलं आणि मला फार बरं वाटलं. माझी पाळी आली. मी त्यांना चहाच्या डब्याची गोष्ट सांगत होतो आणि परतीचा काटा केसभर हलला.

मी वर छताकडं पाहिलं. वरून सुनेचा आवाज आला, "बाबा, तार आहेच तर चादरी इथंच टाकते हां!"

"टाक," मी ओरडलो. बटण दाबलेलंच होतं, सगळ्या खानदेशानं ऐकलं. नंदुरबारकडचा हसून म्हणाला, "काय टाकू, भाऊ?"

"तुला नाही रे, सुनेला," म्हटलं, आणि गोष्ट पुढं सांगायला लागलो.