अर्धी ओटी

कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर मी यवतमाळला व्यायामाला जात असे. शेजारच्या सतरंजीवर कापूस वेचणारी एक बाई असायची. तिचंही तेच ऑपरेशन झालेलं. नाव मी विचारलं नाही. ओठ चावून पाय उचलताना कोण ओळख करून घेतं?

व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाय दहा वेळा उचला म्हटलं, की ही झपाझप वीस वेळा उचलून मोकळी. त्या रागावल्या की ही म्हणे, "ओळीत मागं राह्यलं का मालक ओरडते ताई. हळूची सवय नाही मले."

तिला घाई होती. कापसाचा भाव पडल्यापासून मालक मोजक्याच बाया रोजाने नेई. तिला न्यायचं की नाही, ते डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर ठरणार होतं. चिठ्ठीत आलं, 'वजन उचलू नये.'

दुसऱ्या दिवशी ती वेचलेला कापूस ठेवायची ओटी घेऊन आली. ओटीत व्यायामाच्या वाळूच्या पिशव्या भरल्या आणि ओटी डॉक्टरीणबाईंच्या कमरेला बांधली.

"आता वाकून चाला, अन् सांगा किती भरू ते."

डॉक्टरीणबाई पाच पावलांत थांबल्या. चिठ्ठी बदलली: ओटी अर्धी भरताच रिकामी करावी, खालचं बोंड गुडघे वाकवून वेचावं.

पुढे दारव्ह्याला जाताना जीपमधून ती मला शेतात दिसली. पाठ ताठ, ओटी अर्धी, बांधावरच्या ढिगाकडे निघालेली. मागून धडधाकट कमरेच्या चार बायाही अर्ध्याच ओट्या घेऊन येत होत्या. मालक नुसता बघत होता.

जीपमधून उतरल्यावर मी भाजीची पिशवी अर्धीच भरली. उरलेली आणायला नवऱ्याला पाठवलं.