जिन्याखालची पेटी

हणमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत घरीच होतो. रविवार होता, दाढी करत होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा होता. "सुरेशभाऊ, दाजी गेलं... उसाला पानी द्यायला गेलं व्हतं, तितंच पडलं. दवाखान्यात न्हेईपर्यंत समदं संपलं." मी "कधी?" एवढंच विचारलं. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच होता. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. आता त्याला कधीच कळणार नाही, हा विचार पहिला आला आणि सुटल्यासारखं वाटलं. पाठोपाठ रडूही आलं. पण आधी काय आलं आणि मग काय, हा क्रम मला ठाऊक आहे. आज अडीच महिने झाले. लोक त्याच्याविषयी जे चांगलं बोलतात ते सगळं खरं आहे. मला मात्र लिहायचं तर त्या पहिल्या विचारापासूनच लिहायला हवं.

त्याला कळायला नको होतं ते असं, की ज्या एका वस्तूसाठी तो दीड वर्ष भंगारवाल्यांचे उंबरे झिजवत होता, ती वस्तू माझ्या घराच्या जिन्याखाली, जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवलेली होती. आणि त्या दीड वर्षात बहुतेक वेळा मी त्याच्या शेजारी बसून ती शोधायला गेलो होतो.

आम्ही दोघं कळंबचे, एका वर्गातले. मी आयटीआय केलं, पुढे डिप्लोमा केला आणि गेली पंचवीस वर्षं बारामतीतल्या एका संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो आहे. हणमंत दहावीला गणितात अडकला आणि शेतीतच राहिला. पण यंत्राचं काय बिनसलं आहे हे त्याला कसं कळायचं, देव जाणे. विहिरीवरचं आमचं इंजिन बंद पडलं की माझे वडील, तात्या, मला हाक मारत नसत. मी घरात असताना, माझ्यासमोर म्हणत, "तुझं सर्टिफिकेट ऱ्हाऊ दे पेटीत. जा, हणमाला बलीव." आणि मी जायचो. वाटेत, आज त्याला जमू नये, असं मनात म्हणत जायचो. त्याला जमायचंच. इंजिन सुरू झालं की तो हात पुसत माझ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी पिकअप घेतली. रंग उडालेली, हौद्याला गंज चढलेला. दूध, खत, शेळ्या, लग्नाची भांडी, अडलेली बाळंतीण... गावाचं सगळं तिच्यातून जायचं. तीन-चार वर्षांनी तिचा गिअरबॉक्स गुरगुरायला लागला आणि तिसरा गिअर चालता चालता आपोआप निसटू लागला. मी गावी गेलो होतो तेव्हा त्यानं गाडी पाराजवळ उभी केली. दहा-बारा माणसं बसलेली. मी क्लच दाबून पाहिला, दोन-चार वेळा गिअर टाकला आणि वर्गात बोलतो त्या आवाजात सांगितलं, "क्लचप्लेट गेलीय." हणमंत गाडीखाली सरकला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "सुऱ्या, जरा रेस दे." डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मागलं बेअरिंग संपलंय. तिसऱ्याचं दात बी झिजल्यात. क्लचचं तू म्हंतोस तसं आसंल थोडं." ते 'थोडं' त्यानं माझ्यासाठी घातलं होतं, हे पारावरच्या सगळ्यांना कळलं. शेजारचे शंकरआबा तंबाखू मळत म्हणाले, "मास्तर, तुमी बारामतीत पोरास्नी काय शिकिवता वो?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची चव अजून तोंडात आहे.

गिअरबॉक्स बदलायचं ठरलं. तसाच दुसरा आणून बसवला असता तर काम एका दिवसाचं होतं, पण हणमंताच्या डोक्यात पुढचं होतं. आमच्या गावाची निम्मी शेती नीरा नदीतून पाणी उपसणाऱ्या मोटारींवर. वर धरणातून पाणी सोडलं की काही तासांत नदी चढते आणि काठावरच्या मोटारी घाईनं वर ओढून काढाव्या लागतात. काठाची वाट काळ्या मातीची. भिजली की ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो आणि साध्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. एका वर्षी शंकरआबांची मोटार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली. हणमंत तेव्हा पिकअप घेऊन गेला होता. गाडी चिखलात बसली आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं होतं, की हिची चारही चाकं ओढणारी करायची. म्हणून गिअरबॉक्स आणला तो एका मोडीत निघालेल्या जीपचा. त्याच्या मागच्या बाजूला नंतर ट्रान्सफर केस बसवता येत होती. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी पेटी.

गोठ्याच्या तुळईला चेनपुली टांगून आम्ही दोन दिवसांत जुना गिअरबॉक्स उतरवला आणि नवा चढवला. आम्ही म्हणजे त्यानं. मी पाने देत होतो. नवा बसल्यावर गाडी निघाली ती गुरगुर नाही, झटका नाही. बघायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, "सुरेश व्हता म्हनून झालं." मी परत येताना बसमध्ये चडफडत बसलो. आपण काहीच केलेलं नाही हे आपल्याला माहीत असावं आणि श्रेय देणाऱ्यालाही माहीत असावं... याहून मोठा अपमान त्या वेळी मला सुचत नव्हता. तो अपमान करतच नव्हता हे मला समजायला तो मरावा लागला.

मग त्यानं गोठ्याच्या भिंतीवर खडूनं सगळी योजना काढली. पुढच्या चाकांच्या आसाचा हाऊसिंग कुठे येईल, पेटीतून चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट किती लांबीचे, स्प्रिंगच्या पाट्या किती वाढवायच्या. पुढच्या आणि मागच्या चाकांचं गिअरचं प्रमाण सारखं असावं लागतं, हे मी वर्गात एक तास सूत्रं लिहून शिकवतो. त्यानं मागचं एक चाक उचललं, चाकावर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारली, चाक दोन फेरे फिरवलं आणि शाफ्टचे फेरे मोजले. म्हणाला, "ह्ये जुळलं न्हाय तर म्होरली चाकं येक म्हंत्याल, मागली येक. माझं आन् शालनचं चालतं तसं." शालनवहिनी शेण काढत होत्या. त्या म्हणाल्या, "मागली वढत्यात म्हनून चाललंय म्हनावं." तो खो खो हसला. पुढचा हाऊसिंग त्याला महिनाभरात मिळाला. राहिली फक्त ट्रान्सफर केस. "सुऱ्या, तुझ्या वळखीत कुठं हाय का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बघतो."

माझ्याकडे होती. अगदी त्याच गिअरबॉक्सला बसणारी. फार वर्षांपूर्वी मी एक जुनी जीप घेतली होती. स्वतःच्या हातानं उभी करीन आणि गावात घेऊन जाईन, अशी हौस होती. मला ते जमलं नाही. जीप सुटे भाग करून विकली गेली, तेवढी पेटी राहिली. 'बघतो' म्हणताना मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. आज नको, पुढच्या वेळी सांगू, एवढंच वाटलं. पण पुढच्या रविवारी तो मला घ्यायला आला, आम्ही इंदापूर पालथं घातलं, मग भिगवण, फलटण, एकदा पार सोलापूर. एकदा सोबत शोधायला गेल्यावर मग सांगणं अवघड होत गेलं. नाही, हेही पुरतं खरं नाही. मला ते शोधणं आवडायला लागलं होतं. भंगारवाला मान हलवायचा, हणमंताचा चेहरा उतरायचा, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याचं काहीतरी अडलेलं मी जवळून बघत होतो. फलटणच्या रस्त्याला एकदा मिळाली. त्यानं माती पुसली, तिच्यावरून हात फिरवला आणि मला मिठीच मारली. मग मला तिच्या पोटाला तडा दिसला. "फुटकी आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण ते सांगताना मला झालेला आनंद...

परतताना तो माझ्याकडे चहाला थांबला. चपलेतून काटा आत घुसला होता. जिन्याखाली सतरंजीत गुंडाळलेलं काही दिसलं, त्यावर तो बसला, पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. "टनक हाय रं. काय भरलंय?" मी म्हणालो, "संस्थेतलं जुनं सामान." तो उठला, सतरंजीचं सुटलेलं टोक नीट खोचून ठेवलं आणि आत येऊन माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, साखर जास्त टाका, आज तोंड कडू झालंय."

शेवटचा भेटला तो चैत्रात. शेवग्याच्या शेंगा द्यायला आला होता. निघताना म्हणाला, "सुऱ्या, ऱ्हाऊ दे आता ती पेटी. माझ्यापायी तुझं किती आयतवार गेलं." मी त्याला "मिळेल रे" म्हणून धीर दिला.

दहाव्याला नीरेच्या काठावर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलं आहे ते ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा असतो. भाऊ म्हणाला, पोरीचं शिक्षण पुरं करू. मेव्हणा म्हणाला, शालनला अंतर देणार नाही. कावळे बसूनच. तेव्हा शंकरआबा म्हणाले, "त्येचा जीव गाडीत हाय. मास्तर, तुमी बोला. तुमीच फिरलाय त्येच्यासंगं." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झालो, हात जोडले, म्हणालो, "हणमा, गाडी मी पुरी करीन." कावळा हलला नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, विद्यार्थ्यांनाही मी तेच सांगतो. पण तिथे उभा असताना मला पक्कं वाटत होतं, की तो आणखी एका वाक्याची वाट बघतोय. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ऊन चढलं, शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी पेटी रिक्षा-टेम्पोत घालून कळंबला नेली. शालनवहिनी ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी सतरंजी सोडली आणि सगळं सांगितलं. त्यावर बसून त्यानं काटा काढला तेसुद्धा. त्यांचे हात सुपात तसेच थांबले. त्यांनी विचारलं, "का पर भावजी? तुमचं काय घेतलं व्हतं त्येंनी?" काही घेतलं नव्हतं, हेच उत्तर होतं. वाटलं, आता त्या 'जाऊ द्या' म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून उठल्या. "बसवा. दुसऱ्याला बलवायचं न्हाय. आन् नदीला पानी आलं की मोटारी काढायला तुमीच यायचं. बारामतीचं काय काम आसंल ते सोडून यायचं." घरात गेल्या, त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत. चहाही आला नाही. ते योग्यच होतं.

पुढचे पाच रविवार मी गोठ्यात काढले. भिंतीवरची रेघ पाहायची आणि काम करायचं. खडूचा एकही आकडा चुकला नव्हता. पुढच्या शाफ्टच्या लांबीपाशी, जिथे तो नेहमी बरोबरच असायचा, त्यानं लिहून ठेवलं होतं : 'सुरेशला इचारणे.' तसं चार ठिकाणी माझं नाव होतं. मी ती भिंत पुसू दिलेली नाही. परवानगीचे कागद आरटीओत आहेत. तोवर गाडी डांबरी रस्त्याला न्यायची नाही, नदीच्या वाटेपुरतीच.

गेल्या आठवड्यात पाणी सुटल्याचा निरोप आला. मी वर्ग अर्धा टाकून निघालो. काठावर माणसं जमली होती, शंकरआबांच्या मोटारीला दोर बांधून तयार होता. मी पिकअप चिखलातून खाली घेतली, ती बसली नाही. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "आली रं, हणमाची गाडी आली!" आणि माझ्या छातीत तीच जुनी कळ उठली. गाडी मी चालवत होतो, पेटी माझी होती, पाच रविवार माझे होते. मेलेल्या माणसाचाही हेवा वाटतो... मला वाटला.

दोर अडकवताना शंकरआबा सहज म्हणाले, "ही पेटी हणमाला घावली आसती तर गेल्या साली जगन्नाथची मोटार वाचली आसती बगा." मी दोर धरून उभा राहिलो. म्हणालो, "आबा, घावली असती. दीड वर्ष माझ्या जिन्याखाली होती. मी दिली नाही."

जगन्नाथ तिथेच होता, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. आबांनी तंबाखूची पिंक टाकली आणि दोराला एक हिसका देऊन गाठ तपासली. "मग आता उभा काय ऱ्हायलाय, मास्तर? पानी चढतंय. बसा गाडीत."

मी बसलो, लिव्हर ओढला. चारही चाकं एकदम फिरली, चिखल दोन्ही अंगांना उडाला, दोर ताठ झाला आणि मोटार काठ चढू लागली. मागून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "वढली रं हणमानं!"