टीव्हीतली धनगराची पोर

राजुरीजवळ कांदा निघालेल्या एका वावरात थोरल्या भावाची मेंढरं बसली होती. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी आम्हा धनगरांना कळप घेऊन बोलावतात आणि बदल्यात धान्य देतात. त्याच वावरात एका मालिकेचं शूटिंग ठरलं. गोष्ट धनगराच्या मुलीची. त्यांना मेंढरं हवी होती, आणि मुलीची मैत्रीण म्हणून जवळपासची एखादी पोर. माझी लेक तेव्हा चौथीत होती. टीव्हीवर आमच्यातलं माणूस तिनं पाहिलं होतं ते एक तर येडंबागडं, नाहीतर कुणाच्या तरी पाया पडणारं. आता आपण दिसणार म्हणून तिनं ओतूरच्या शाळेत वर्गभर सांगून ठेवलं.

पावणं येणार तर मेंढरं अशी कशी दाखवायची, असं भावाचं म्हणणं. त्यानं भावकी गोळा केली, मेंढरं ओढ्यात धुतली आणि झाडून सगळी कातरून टाकली. लेकीला नवा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. चारचौघांत जायचं तर आमच्याकडं असंच जातात.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. लोकरीवाचून ही मेंढरं शेळ्या दिसतात, म्हणाला. मग लेकीकडं बघून त्यानं फाटका परकर आहे का विचारलं. माझी बायको म्हणाली, "फाटक्याचं आमी पोतेरं करतो." तेवढ्यावर लेकीचं काम गेलं.

धनगराची मुलगी व्हायला शहरातनं पोर आणली होती. गोरीपान, गुणी लेकरू, तिचा काय दोष? तिला तपकिरी रंग फासला, केस विस्कटले, गालांना माती लावली. पण तिच्या मांडीवर कोकरू काही ठरेना. म्हणून माझ्या लेकीला तिच्या पायाशी, कॅमेऱ्यात येणार नाही असं बसवलं. लेक खालून कोकराचा पाय कुरवाळत राहिली, तेव्हा ते गप बसलं. माझा संताप संताप होत होता. पण वावर दुसऱ्याचं, शेतकरी हौसेनं खुर्च्या मांडत फिरत होता. त्याला दुखवून भाऊ मेंढरं कुठं नेणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

भाग लागला तेव्हा घरातले सगळे टीव्हीपुढं बसलो. कोकरू दिसलं, ती मुलगी दिसली. आमची लेक कुठंच नव्हती. ती रडेल म्हणून आम्ही आधीच समजुतीचे शब्द जुळवून ठेवले होते. ती रडली नाही. टीव्हीतल्या त्या मळक्या, विस्कटलेल्या पोरीकडं टक लावून बघत राहिली, मग मला म्हणाली, "पप्पा, ती खरी धनगराची वाटती. मी नाय वाटत."

घरात आम्ही सगळेच धनगर. पण तिनं खरं मानलं ते टीव्हीचं.